आरशातली माळ

जिनं गप्प बसायचं, तीच बोलली होती.

कार्तिकातलं कोवळं ऊन यवतमाळच्या त्या फार्मसी कॉलेजच्या मागच्या प्रयोगशाळेत शिरलं होतं. खिडकीशी उभी राहून दीपा मुनेश्वर हातातली प्लेट उजेडाकडे धरून बघत होती. तळहाताएवढी पारदर्शक प्लेट, तिच्यात ओळीनं बारीक बारीक खळगे. ज्या खळग्यात हार्मोन जास्त, तो खळगा जास्त पिवळा. पहिल्या ओळीत नुसतं खारं पाणी होतं, ती झऱ्यासारखी नितळ राहिली होती. दुसऱ्या ओळीत दीपाची पाच वर्षांची मेहनत. ती पिकल्या लिंबाच्या सालीसारखी पिवळी झाली होती, दर वेळी व्हायची तशीच. आणि तिसरी ओळ, जी पहिलीसारखी कोरी राहायला हवी होती, ती हळदीच्या ओल्या कांडासारखी पिवळीजर्द होऊन बसली होती.

"असं कसं वं बाई?" दीपा प्लेटलाच म्हणाली. प्लेट काय बोलणार?

मेंदूच्या बुडाशी, हाडाच्या इवल्याशा खोगिरात एक ग्रंथी बसलेली असते. पीयूष ग्रंथी म्हणतात तिला, आणि नावाला शोभेल असंच तिचं काम. लेकराची हाडं लांबतात, अंगावर मांस धरतं, जखम भरून येते, ते तिनं सोडलेल्या वाढीच्या हार्मोनमुळं. ती ते बनवते, कोठारात भरून ठेवते, पण आपणहून दार उघडत नाही. तिला हाक यावी लागते. काही लेकरांच्या अंगात कोठार काठोकाठ भरलेलं असतं आणि हाकच येत नाही. मग पाचवीतलं लेकरू बालवाडीतलं दिसतं, आणि डॉक्टर बाहेरून रोज हार्मोनची सुई देतात. "भरल्या विहिरीच्या काठावर टँकर उभा करणं आहे हे," दीपाचे मार्गदर्शक राठोड सर म्हणायचे. "अरे, आत पोहरा सोडा की!"

हा पोहरा म्हणजे पेप्टाइड. अमिनो आम्लांचे मणी एकापुढे एक ओवून केलेली इवलीशी माळ. तिचा आकार जुळला की ती ग्रंथीच्या दारावर नेमकी जाऊन बसते, आणि ग्रंथी ओ देते. दीपाची माळ सहा मण्यांची होती. हाक तिची बरी होती, पण रक्तात उतरली की रक्तातली रसायनं कात्रीसारखी तिच्यावर धावून येत आणि मणीन् मणी सुटा करत. हाक पोचायच्या आत हाकेचा गळाच दाबला जाई. पाच वर्षं दीपा हेच करत होती. हा मणी बदलून बघ, तो बदलून बघ, हाक मोठी कर, हाक टिकाऊ कर.

तिसऱ्या ओळीतली माळ मात्र हाक मारायला ठेवलेलीच नव्हती. ती होती साक्षीला, प्रयोगशाळेत जिला कंट्रोल म्हणतात ती.

जगातल्या यच्चयावत जिवांच्या अंगातले हे मणी एकाच घडणीचे असतात, डाव्या. मुंगी घ्या, सागवान घ्या, टिपेश्वरच्या जंगलातला वाघ घ्या, सगळ्यांच्या अंगात डावेच मणी. असं का, ते कुणालाच नीट ठाऊक नाही. सृष्टी सुरू झाली तेव्हा कधीतरी डावा हात पुढे आला आणि मग सगळ्यांनी तोच धरला. त्याच मण्यांची आरशातली रूपं, उजव्या घडणीची, बाटलीत भरून विकत मिळतात. पण जिवाला ती ओळखू येत नाहीत. डाव्या पायाला उजवी चप्पल बसत नाही, तसं. म्हणून दीपानं आपल्याच माळेची आरशातली माळ बनवली होती, सगळे मणी उजवे. खऱ्या माळेला ग्रंथीनं ओ द्यायची आणि आरशातलीला द्यायची नाही, म्हणजे सिद्ध होतं की ग्रंथी हाक ओळखून बोलते, वारा आला म्हणून दार वाजावं तशी उगीच वाजत नाही.

आणि आता ती मुकी बोलली होती. नुसती बोलली नाही, खऱ्या माळेच्या वरताण बोलली. याचा अर्थ दीपाला एकच दिसत होता. खाटकाकडून आणलेल्या तिच्या ग्रंथी कशालाही ओ देत होत्या. तसं असेल तर पाच वर्षांतला प्रत्येक होकार खोटा.

राठोड सर म्हणजे पूनमसिंग राठोड. महागावकडच्या बंजारा तांड्यावरून शिकत शिकत वर आलेला माणूस. चष्मा डोळ्यांपेक्षा कपाळावर जास्त. दीपा त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"सर, कंट्रोल बोलून राह्यला."

"कोणता?"

"आरशातला."

"त्याले तोंड कुठून आलं?" सरांनी प्लेट घेतली, उजेडाला धरली, फिरवली, पुन्हा धरली. मग हळूच खाली ठेवली. "प्रबंध कधी द्याचा हाये तुले?"

"संक्रांतीच्या आत, सर."

"हं. मुक्या साक्षीदारानं कोर्टात गाणं म्हटलं तर जज काय म्हणन? म्हणन, हा मुकाही खोटा अन् फिर्यादही खोटी. दोघांलेही बाहेर काढा." दीपाचा चेहरा बघून त्यांचा आवाज उतरला. "पुन्हा कर. नव्या ग्रंथी आण. पुन्हा तेच आलं तर मंग आपण दोघं बसू आणि जे खरं आहे ते लिहू. पाच वर्षं गेली तर गेली, बाई. खोटं पुढे जाऊ द्याचं नाही."

"हो सर," दीपा म्हणाली. तिला वाटलं, आपण इतक्या सहज हो कसं म्हटलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बर्फाचा थर्मास घेऊन मटण मार्केटात गेली. बेरारी बोकडांची मुंडकी शब्बीरभाईंच्या ओट्यावर ओळीनं मांडलेली होती. भेजा काढून झाला की खालचं ते हाडाचं खोगीर दीपा स्वतःच चिमट्यानं उघडी आणि टपोऱ्या हरभऱ्याएवढी गुलाबी ग्रंथी अलगद उचलून घेई. इतक्या वर्षांत मार्केटला तिची सवय झाली होती. पहिल्या वर्षी सगळे थांबून बघत, आता कुणी मान वर करत नव्हतं.

"डॉक्टरनीबाई, उंची की दवा कब निकलेगी?" शब्बीरभाईंनी सुरीला धार लावता लावता विचारलं.

"निघन चाचा. टाइम लागते."

"थोडी हमारे दामाद के वास्ते रखना. शादी के फोटो में बेटी ऊपर, दामाद नीचे. फोटोवाले ने बेचारे को पाटे पे खडा किया!"

सगळा ओटा हसला. दीपाही हसली आणि थर्मासचं झाकण घट्ट लावून निघाली.

ग्रंथीच्या पातळ फोडी करायच्या, अंगाच्या उबेइतक्या कोमट पाण्यात ठेवायच्या, त्यात साखर, मीठ आणि प्राणवायू सोडायचा. मग ती फोड जगते. मालक मेला तरी कोठारवाली कामावर असते. दीपानं पहिल्यांदा हे पाहिलं होतं तेव्हा ती कितीतरी वेळ नुसती त्या भांड्यावर वाकून उभी होती. त्या फोडीला ठाऊक नव्हतं की बोकड उरला नाही. तिला हाक आली की ती कोठार उघडत होती, कुठल्याशा करडाची हाडं वाढवायला.

या वेळीही तिसरी ओळ हळदीसारखी पिवळी झाली.

मग दीपानं एकेक दार ठोठावून पाहिलं. नुसतं पाणी दिलं, फोडी गप्प. दुसरीच एक परकी माळ दिली, गप्प. त्याच मुक्या माळेचे मणी आम्लात उकळून सुटे केले आणि ते दिले, तरी गप्प. म्हणजे ग्रंथी खोटारड्या नव्हत्या, उगीच ओरडत नव्हत्या. त्या फक्त या एका कुपीला ओ देत होत्या. पाच वर्षांचे होकार खोटे नव्हते. मग या कुपीत आहे तरी काय?

माळ शुद्ध आहे का ते बघायला तिला एका बारीक नळीतून सोडतात आणि ती दुसऱ्या टोकाला कधी निघते ते मोजतात. दीपानं दोन्ही माळा पुन्हा सोडल्या. माणूस आणि त्याचं प्रतिबिंब आरशाशी एकाच क्षणी पोचतात. तशा या दोघी बरोबरीनं निघायला हव्या होत्या. आधी खरी निघाली. मुकी मागं रेंगाळली. पहिल्यांदा बनवली तेव्हाही अशीच रेंगाळली होती, तेव्हा दीपानं नळी जुनी झाली म्हणून नळीवर खापर फोडलं होतं. नागपूरच्या प्रयोगशाळेतून मोजून आलेलं मुक्या माळेचं वजन तर रतीभरही चुकलेलं नव्हतं.

वजन तेच. म्हणजे मणीही तेच. पण चाल वेगळी.

तेच मणी, पण क्रम वेगळा?

ती खुर्चीत मागं रेलली, आणि तिला तो रविवार आठवला.

ही माळ ओवतात ती उलटी. बाई फुलं ओवते तेव्हा पहिलं फूल आधी, शेवटचं शेवटी. इथं शेवटचा मणी आधी राळेच्या बारीक दाण्याला बांधायचा आणि तिथून मागं मागं येत पहिल्यापर्यंत पोचायचं. शिकत असताना दीपाचा दर खेपेला गोंधळ व्हायचा. तेव्हा तिनं आपल्या मायकडनं रक्तात आलेला उपाय केला. सहा मण्यांच्या सहा ओव्या रचल्या. तिची माय इंदूबाई गावात हळदीच्या दळणाला नावाजलेली. तिच्या ओव्यांत बाबासाहेब होते, माहेर होतं, सासूचे टोमणे होते, आणि आता मुलीच्या ओव्यांत हिस्टिडिन आणि लायसिन आले. काम करताना दीपा त्या सहावीपासून पहिलीपर्यंत उलट्या म्हणायची. तिच्या हातांना तीच सवय होती.

पोळ्यानंतर कधीतरी इंदूबाई डोळ्याच्या ऑपरेशनला यवतमाळला आली. डोळ्यावर हिरवी पट्टी. रविवार होता, मायला खोलीवर एकटं कसं ठेवायचं म्हणून दीपानं तिला प्रयोगशाळेत आणून स्टुलावर बसवलं. त्या दिवशी नेमकी आरशातली माळ ओवायची होती. निळ्या झाकणांच्या बाटल्या, सगळे मणी उजवे.

"काय पुटपुटून राह्यली वं?" इंदूबाईनं विचारलं.

"ओवी. कोणता मणी घ्याचा ते ध्यानात राह्यते."

"म्हण पाहू मोठ्यानं."

दीपानं म्हटली.

"सहावी माझी ओवी, लायसिन लांब वेणीची,
शेवटी उभी दारी, वाट पाहते पाण्याची."

इंदूबाई खुदकन हसली. "ओवी बरी हाये. पण सहावी? पहिली कुठी गेली?"

"पहिली शेवटी येते, माय."

"शेवटी? अवं, पहिल्या ओवीचा मान असते. दळण सुरू कराचं तं कोणी सहावीपासून सुरू करते काय? जातं रुसन!"

"इथं जातं नाही, काचेचं भांडं हाये."

"मंग भांडं रुसन. थांब, मी लावून देतो सूर." आणि एका डोळ्याची, पट्टी बांधलेली ती बाई स्टुलावर ताठ बसली, मांडीवर थाप दिली आणि गळा सोडला.

"पहिली माझी ओवी, हिस्टिडिन माझी नणंद,
उंबऱ्यात उभी राहे, तिला बोलायचा छंद…"

रिकाम्या प्रयोगशाळेत तो आवाज काचांवर जाऊन आदळला आणि गोल होऊन परत आला. दीपाला हसू आलं. एक मणी जोडायला तास-दीड तास लागे. भांडं हलत राही, मायलेकी चहा पीत, गावच्या गोष्टी करत, आणि वेळ झाली की इंदूबाई विचारी, "आता कोणाची पाळी? दुसरीची नं? म्हणजे थोरली जाऊ." आणि सूर लागे. तिसरीला तर तिला इतका लळा लागला की तिनं ती पुन्हा पुन्हा म्हटली.

"तिसरी माझी ओवी, ॲलानिन धाकली लेक,
दोघी जावांच्या मधी तिची जागा चिमूट एक."

दीपा पुढची निळी बाटली उचलत राहिली. डोकं मायकडं होतं, हात ओवीमागं गेले. पहिली, दुसरी, तिसरी, थेट सहावीपर्यंत. शेपटीला जो मणी हवा तो डोक्याशी आला, डोक्याचा शेपटीला गेला. माळ उलटी झाली. आणि मणी तेच असल्यानं वजन बरोबर भरलं.

दीपानं फोन लावला. इंदूबाई शेतात होती, कापूस वेचायला. मागं बायांचा गलका ऐकू येत होता.

"माय, त्या रविवारी तू ओव्या पहिलीपासून म्हटल्या होत्या का सहावीपासून?"

"पहिलीपासूनच! सहावीपासून कोण म्हणते? मी का येडी हाओ काय? काहून, काय झालं?"

"काही नाही. माळ उलटी झाली."

इंदूबाई बायांपासून जरा बाजूला झाली. मग हळू आवाजात, "खराब झालं काय वं काही? माह्यामुळं?"

"माहीत नाही अजून," दीपा म्हणाली. आणि ते खरंच होतं.

सरांना सांगायला जाताना तिनं वाक्य जुळवून ठेवलं होतं, पण दारात पोचेपर्यंत ते विस्कटलं. "सर, ती आरशातली माळ मी उलटी ओवली. क्रम चुकला. कंट्रोल कंट्रोलच नव्हता."

"उलटी? म्हणजे डोक्याकडून?"

"हो."

"काहून?"

दीपानं कारण सांगितलं. सरांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, जणू तिला नीट बघायचं होतं. "पीएचडीची पोरगी. मायच्या ओवीवर सिंथेसिस केली?"

"हो सर."

ते ओरडतील म्हणून ती खाली बघत राहिली. तिनं मान वर केली तर सर तिच्याकडे बघतच नव्हते. ते आपल्या हातांकडे बघत होते. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले होते, शेजारी शेजारी.

"इकडे पाह्य," ते म्हणाले. "हा डावा आपली खरी माळ धर. हा उजवा, तिची आरशातली. दोघांचे अंगठे एकमेकांकडे. एकाच्या जागी दुसरा बसन का?"

"नाही."

"म्हणून ती मुकी असाले पाहिजे. अन् आता…" त्यांनी उजवा हात उलटा केला, तळवा आकाशाकडे. "आता अंगठा कुठी आला?"

दीपानं पाहिलं. दोन्ही अंगठे एका बाजूला. करंगळीच्या जागी करंगळी, मधल्याच्या जागी मधलं. पाचही बोटं जिथल्या तिथं, फक्त तळवा वर.

"बोटं म्हणजे मण्यांची टोकं," सर आता जवळजवळ कुजबुजत होते. "ग्रंथी बोटं चाचपून ओळखते. तिले बोटं बरोबर सापडली, तिनं ओ दिली. अन् रक्तातली कात्री कुठी धरते? तळव्याले. माळेच्या कण्याले. तो इथं उजव्या घडणीचा, उलट्या दिशेचा. तिले तो धरताच येणार नाही." ते थांबले. "आरसा एकदा केला तर ओळख बुडते. त्यात उलटं केलं तर ओळख परत येते. ये याडी!"

आईला हाक मारल्यासारखं ते बोलले. सरांच्या तोंडून घरची गोरबोली दीपानं पाच वर्षांत कधी ऐकली नव्हती.

मग त्यांनी स्वतःला आवरलं. "हे पुस्तकात हाये, लक्षात ठेव. आपण शोधलं नाही. पण इतक्या लहान माळेत ते बहुतेक चालत नाही, कणा आडवा येते. म्हणून मीही कधी करून पाह्य म्हटलं नाही तुले. आता ऐक. दोन माळा ताज्या बनवाच्या. आरशातली सरळ क्रमानं तू बनव, अन् उलटी मी बनवतो. कुप्यांवर नावं मी झाकतो. कोणती कोणती ते तुले सांगणार नाही. खरी असन तर खरी निघन. नाही तर…"

"नाही तर प्रबंध नाही," दीपा म्हणाली.

"नाही तर प्रबंध नाही."

पुढचे दिवस दोघं शेजारी शेजारी उभे राहून काम करत. सरांनी कित्येक वर्षांत हातानं माळ ओवली नव्हती, त्यांचं भांडं दोनदा गळलं, एकदा शर्टावर डाग पडला. ते ओव्या म्हणत नव्हते, ओठ घट्ट मिटून काम करत होते. दीपा तिच्या सहावीपासून पहिलीकडे येत होती, पण मनातल्या मनात, आवाज न करता. तिला भीती वाटत होती की आवाज केला तर हात पुन्हा कुठंतरी जातील.

तीन कुप्या, दोन ताज्या माळांच्या आणि एक जुन्या खऱ्या माळेची. तिघींवर पांढरी चिकटपट्टी. दीपानं पहिल्यापेक्षा कितीतरी पातळ करून त्या फोडींवर सोडल्या, इतक्या पातळ की तिची स्वतःची खरी माळ एवढ्याशा मात्रेत आजवर कधी ऐकू गेलेली नव्हती. ऊब राखली. वाट पाहिली. पाणी काढून प्लेटीत भरलं, रसायनं घातली, आणि शेवटचं आम्ल टाकताना ती खळग्यांवर वाकली, कारण पिवळा रंग चढतो तो तेव्हाच.

पहिली कुपी, नितळ.

दुसरी कुपी, नितळ. नाही, नीट पाहिलं तर अगदी पुसटसा पिवळा, काळ्याभोर चहात दुधाचा थेंब पडावा तेवढाही नाही.

तिसऱ्या कुपीच्या खळग्यात रंग खालून वर चढत आला. उजाडायला लागावं तसा आला. आधी शंका, मग पिवळा, मग हळद.

सरांनी एकेक चिकटपट्टी काढली. पहिली, आरशातली, सरळ क्रमाची. ती खरोखरच मुकी होती. दुसरी, दीपाची जुनी खरी माळ, एवढ्या पातळ मात्रेत जेमतेम कुजबुजलेली. तिसरी, उलटी.

बाहेर कापसानं भरलेली एक गाडी घरघरत जीनिंगच्या कारखान्याकडे गेली आणि खिडकीच्या काचा हलल्या.

दीपाला वाटलं होतं की आपण रडू किंवा ओरडू. तसं काहीच झालं नाही. तिच्या डोक्यात एक वेगळीच गोष्ट आली आणि तिनं तिला जागेवर खिळवून ठेवलं. ही माळ कुठल्याच जिवाच्या अंगात कधी नव्हती. पृथ्वीवर पहिला जीव हलला तेव्हापासून आजवर एकाही मुंगीनं, माशानं, माणसानं ही माळ ओवलेली नव्हती. सगळी सृष्टी ज्या हातानं काम करते, त्याच्या उलट हातानं, उलट्या क्रमानं केलेली ही गोष्ट. आणि दारव्हा रस्त्याच्या माळावर बाभळीचा पाला खाऊन वाढलेल्या एका बोकडाच्या ग्रंथीनं, जिनं असलं काही कधी पाहिलं नव्हतं, अंधारात तिची बोटं चाचपली आणि म्हटलं, हो, ओळखलं, ये.

"रक्त राह्यलं," सर शेवटी म्हणाले. "हाक मोठी हाये हे पाह्यलं. टिकते का ते पाह्याचं राह्यलं. नाचू नको अजून."

"मी कुठी नाचून राह्यली, सर?"

"मी मलेच सांगून राह्यलो."

रक्ताचं पाणी, म्हणजे गोठल्या रक्तावर साचतं ते पिवळसर पाणी, शब्बीरभाईंकडून आणून तयार ठेवलेलंच होतं. दोन्ही माळा त्यात सोडल्या, एक एका भांड्यात, दुसरी दुसऱ्या. दर काही वेळानं थेंब काढायचा आणि नळीतून सोडायचा. माळ शाबूत असेल तर पडद्यावर एक टोकदार शिखर उभं राहतं. जुन्या माळेचं शिखर पहिल्याच थेंबाला खचलं. सर डबा उघडून भाकरी खाऊन येईपर्यंत त्याच्या जागी तुकड्यांची विस्कटलेली रांगोळी उरली होती, सहा मण्यांचे सहा नातेवाईक सहा दिशांना. हे दीपाला पाठ होतं. पाच वर्षं ती हेच बघत आली होती.

उलटीचं शिखर उभं राहिलं.

दुसऱ्या थेंबालाही उभं. दुपार कलली, तरी उभं. दुसऱ्या दिवशी दीपा आली तेव्हा सर तिच्या आधीच येऊन बसले होते, आणि पडद्यावर ते शिखर कालच्याइतकंच उंच उभं होतं, कडा झिजलेली नाही, पायथ्याशी भुगा नाही.

"प्रबंध दे," सर म्हणाले. "संक्रांतीच्या आत नाही जमणार. एक प्रकरण नवं लिहावं लागन. माळ उलटी कशी झाली तेही लिहाचं, लपवाचं नाही."

"ओवीसकट?"

"ओवीसकट. बाहेरच्या परीक्षकाले जरा झटका बसू दे." ते हसले, मग गंभीर झाले. "पण बाई, एक गोष्ट मनात पक्की ठेव. हे बोकडाच्या फोडीत झालं. जित्या बोकडात व्हायचं हाये, मंग आणखी कशा-कशात, मंग कधी काळी माणसात. मधे कुठीही अडकू शकते. जास्त हाक मारली तर ग्रंथी बहिरीही होते. कोणत्या लेकराले हे मिळन का नाही, ते आपल्या हयातीत कळन का नाही, मले सांगता येत नाही."

"माहीत हाये, सर."

"माहीत असू दे. आनंद कमी करू नको. फक्त माहीत असू दे."

दुपारनंतर सर वर्गावर गेले. दीपा एकटीच भांडी धुवायला उभी राहिली. कोमट पाण्यातल्या फोडी आता टाकून द्यायच्या होत्या. सकाळीच मार्केटातून आणून आणखी एका पडताळ्यासाठी लावलेल्या, त्यांचं काम झालं होतं. तिनं भांडं उचललं, सिंकवर नेलं आणि थांबली.

बोकड सकाळीच कुणाच्या तरी रश्श्यात गेला होता. आणि त्याचा हा हरभऱ्याएवढा तुकडा अजून जिवंत होता, कोमट पाण्यात, प्राणवायूचे बुडबुडे अंगावर घेत. तो ऐकत होता.

तिनं भांडं परत उबेवर ठेवलं. जितका वेळ तो स्वतःहून ऐकेल तितका वेळ ऐकू दे, असं म्हणून ती बाकीच्या काचा घासायला लागली.